हेडक्लार्कच्या बोटांवरची शाई

कॉलेजच्या खिडकीपाशी माझे वडील दोन दिवस उभे राहिले होते. ते गलबतावर खलाशी. सही येत नव्हती. पूर्णगडहून पायी आले आणि माझ्या प्रवेशअर्जावर अंगठा द्यायला पुढे झाले, तेव्हा हेडक्लार्क सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "अंगठेबहाद्दर! आधी स्वतः पाटी गिरवा, मग पोराला कॉलेजात घाला."

अंगठ्याखाली कारकुनाने 'माझ्यासमक्ष' लिहून सही करायची असते. ती त्यांनी केली नाही. गावच्या मास्तरांकडून लिहून आणा म्हणाले. वडील परत गेले, दुसऱ्या दिवशी कागद घेऊन पुन्हा आले. 

पदवी मिळाल्यावर प्राचार्यांनी मला त्याच कार्यालयात कारकून म्हणून घेतलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. ते उपकार मी विसरलो नाही, आणि ती खिडकीही विसरलो नाही.

आफ्रिकेतून दरवर्षी एक-दोन मुलं येत. बाप मोंबासाला नाहीतर झांजिबारला दुकानदार, मूळ गाव इकडचं. तिकडच्या परीक्षेचे कागद पात्रतेसाठी विद्यापीठाला पाठवणं, पासपोर्टची नक्कल करणं, राहायला खोली बघून देणं हे प्राचार्यांनी माझ्याकडे सोपवलं होतं. "इथे आपलं कोणी नाही, असं त्यांना वाटता कामा नये," एवढंच ते म्हणाले होते.

एका वर्षी मोंबासाचा एक मुलगा जयगडच्या मामाला घेऊन आला. कागद त्या दिवशीच्या टपालाने गेले नाहीत, तर त्याचं वर्ष फुकट जाणार होतं. हेडक्लार्कांनी अर्ज परत सरकवला.

"बापाची समक्ष सही पाहिजे."

"ते मोंबासाला आहेत, सर," मुलगा म्हणाला.

"मग बोलावून घे."

मामा म्हणाले, "अहो, बोटीला किती दिवस लागतात!"

"तुम्ही सगळे दर्यावर्दी ना? पोहत येतील."

मुलाचा चेहरा उतरला. मला माझे वडील दिसले.

छापील नियमात लिहिलं होतं, की परदेशातल्या पालकाने लेखी नेमलेला माणूस चालतो. मामांना तसं नेमल्याचं मुलाच्या वडिलांचं पत्र त्याच्या ट्रंकेत होतं. तो धावत जाऊन ते घेऊन आला. नियम आणि पत्र मी प्राचार्यांपुढे ठेवलं. त्यांनी हेडक्लार्कांना निरोप धाडला, "आत या. माझ्यासमोर अर्ज पुरा करा."

दाराबाहेर मामांनी मला विचारलं, "सही उर्दूत चालेल ना?"

मी हळूच म्हटलं, "चाचा, सही नको. अंगठा द्या."

"का रे? मला सही येते."

"माझ्या बापाचा अंगठा यांनी रांगेसमोर नाकारला होता."

ते दाढीत हसले. "मग दोन्ही हातांचे घे!"

अंगठा घेताना कारकुनाने तो स्वतः धरून शाईच्या गादीवर फिरवावा लागतो. गादी मी हेडक्लार्कांच्या पुढ्यात ठेवली. मामांनी हात लाकडासारखा ताठ केला. पहिला ठसा फिसकटला.

"पुन्हा घ्यावा लागेल, साहेब," मी म्हणालो.

दुसरा नीट उठला. हेडक्लार्क जागेवरून उठू लागले.

"खाली 'माझ्यासमक्ष' राहिलं, साहेब."

त्यांनी लिहिलं. बोटं काळी झाली होती. ती लपवायला गेले, तर धोतराला डाग पडला. प्राचार्यांनी मान वर केली नाही. मी मात्र मन भरून पाहिलं.

टपाल वेळेत गेलं. मुलाचं वर्ष वाचलं.

मामांना त्यात ओढणं बरोबर होतं का, असं पुढे कोणी कोणी विचारलं. मला कधी पस्तावा झाला नाही.

रविवारी घरी गेलो आणि वडिलांना सगळं सांगितलं. ते जाळं विणत होते. त्यांनी दोन गाठी ओढून घट्ट केल्या. मग हात न थांबवता म्हणाले, "शाई गेली काय रे त्याची?"

"शनिवारपर्यंत तरी नव्हती."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि आईला हाक मारून माझ्यासाठी जास्तीचा मासा तळायला सांगितला.