बोर्डिंगचं लेकरू

तुमच्या पोराला परक्या गावात एखाद्या गोड बोलणाऱ्या माणसानं विचारलं, "कुणाचं रे लेकरू तू?" तर ते काय सांगेल?

छाती फुगवू नका. ते सगळं सांगेल. बापाचं नाव सांगेल, आज्याचं सांगेल, गाव सांगेल, मामा कुठल्या गावचा तेही सांगेल. तुम्हीच तसं शिकवलंय. गावच्या पारावर ही रीत शोभते. पण निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षी हिंगोलीत याच रीतीनं पोरं धरून नेली गेली.

द्वारकाबाईला हे कुणी सांगावं लागलं नाही. सेनगावाकडच्या मेंढ्यावाल्यांच्या घरची लेक, नवरा लवकर गेला, तेव्हापासून हिंगोलीतल्या विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगात भाकऱ्या थापत होती. बोर्डिंग म्हणजे काय, तर लोकवर्गणीतून उभी केलेली पत्र्याची लांब खोली, पुढं ओटा, मागं चूल. खेड्यातली पोरं तिथं राहून सरकारी शाळेत उर्दूतून शिकायची. नवं पोर ट्रंक घेऊन आलं की गुरुजी त्याला नियम वाचून दाखवत. ते कुणाच्या ध्यानात राहत नसत. द्वारकाबाईचे राहत.

"दुसऱ्याच्या पांघरुणात शिरू नको, खरूज व्हती. पोट न्हाई भरलं तर बोल, मला काय सपान पडणार हाय? आन् रडू आलं तर हितं चुलीपाशी ये. कुणी पाह्यलं तर म्हणायचं, धूर लागला."

एकेक पोरगं पहिल्या महिन्यात चुलीपाशी येऊन बसायचं. ओली लाकडं जळत नसली तरी डोळे पुसायचं. द्वारकाबाई तिकडं पाहायचीच नाही.

रझाकारांचं राज्य सुरू झालं तसा तिनं आणखी एक नियम जोडला. "कुणाचं म्हून कुणीबी विचारलं, तर सांगायचं, बोर्डिंगचं. बापाचं नाव न्हाई, गाव न्हाई. बोर्डिंगचं."

"आन् गुरुजींनं विचारलं तर?"

"त्येंला ठाव हाय. उगं शाणपणा करू नको."

हा नियम तिनं उगाच केला नव्हता. जवळा बाजारकडचा भुजंग नावाचा पोरगा दोन वर्षांपासून बोर्डिंगात होता. त्याचा थोरला भाऊ सोनाजी सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीत गेला होता. सोनाजी हाती लागत नव्हता. धाकटा हाती लागला असता तर सोनाजी आपल्या पायानं चालत आला असता. हिशोब सरळ होता. जवळ्याच्या सोनाजीचा भाऊ हिंगोलीत शिकतो, एवढंच रझाकारांना कळलेलं होतं. कुठं आणि कोण, ते कळायचं राहिलं होतं.

श्रावणात एक माणूस ओट्यावर येऊन बसू लागला. संतराम त्याचं नाव. हळदीचा दलाल म्हणवायचा. बोली आपलीच, टिळा आपलाच, म्हणून तर कुणाला हटकवेना. चुन्या-तंबाखूची चंची काढायचा, मळायचा, आणि शाळेतून येणाऱ्या पोरांच्या ओंजळीत फुटाणे टाकायचा.

"कुणाचं रे लेकरू तू?"

"बोर्डिंगचं."

"आन् तू?"

"बोर्डिंगचं."

"आस्सं! म्हंजे बापाचा पत्ताच न्हाई एकाच्याबी!" तो खदखदून हसायचा. "अक्का, लई तयार केलीत पोरं."

"भाकरी खाऊन तयार झाली जी," द्वारकाबाई आतून म्हणायची. तिला त्या उत्तराचा अभिमान वाटायचा. तो रोज यायचा, पोरं रोज तेच सांगायची, आणि तो रोज हसत उठायचा. घाई नसलेल्या माणसाला भ्यावं, हे तिला कळत होतं. पण गुरुजी म्हणाले, हाकललं तर संशय वाढेल.

आता तिची एक खोड सांगितली पाहिजे. मेंढ्यावाल्यांचा जन्म या गावच्या शेतातून त्या गावच्या शेतात जातो. त्यांना माणूस नावानं ध्यानात राहत नाही, गावानं राहतो. बोर्डिंगात तीन सटवाजी आणि दोन नामाजी. कोण कुठला, नावानं उमजेना. म्हणून ती पोरांना गावाच्याच नावानं हाक मारायची. "औंढा, ताट घे. कळमनुरी, कान धू." पोरांना ते आवडायचं. परक्या पत्र्याखाली दिवसातून दोनदा आपल्या गावाचं नाव ऐकू यायचं. एरवी ती हाक मागच्या चुलीपाशी, ताटावर बसलेल्या पोरांपुरती असायची, पुढच्या ओट्यापर्यंत पोचत नसे. ही हाक तिच्या तोंडात इतकी मुरलेली, की आपण हाक मारतो आहोत की श्वास घेतो आहोत, तिला वेगळं कळत नव्हतं.

त्या दुपारी भुजंगला शाळेतून यायला उशीर झाला. बाकी पोरं जेवून उठली. संतराम ओट्यावर तंबाखू मळत होता. भुजंग फाटकातून आत शिरला आणि द्वारकाबाईनं चुलीपासून, माळावरच्या मेंढरांना पोचावी अशी हाक दिली,

"जवळा! ए जवळा! कुठं उलथला व्हतास रं? तुह्या वाट्याचं ताक झाकून ठिवलंय!"

ओट्यावरचा अंगठा तळहातावर थांबला.

भुजंग नेहमीसारखा "आलो मावशी" म्हणून आत गेला. संतरामनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग तंबाखू ओठात धरली आणि चंची तिथंच ओट्यावर ठेवून उभा राहिला.

"जवळ्याला ताक लई गोड लागत असंल न्हाई, अक्का?"

द्वारकाबाई चुलीपासून उठून दारात आली.

"चंची राहू द्या. सांजच्याला न्यायला येतो."

तो फाटकाबाहेर गेला. आज हसला नाही.

भुजंगनं दोन घास खाल्ले असतील. तिनं त्याच्या हातातली भाकर काढून फडक्यात बांधली, आणि आपल्या बापाची घोंगडी त्याच्या डोक्यावर टाकली.

"ऊठ. नदीकडं चल."

"काहून?"

"मी तुला विकून बसले रे. माह्याच तोंडानं. ऊठ."

"सहामाही तोंडावर आलीया, मावशी. गणिताचा पेपर—"

"जित्ता राहिलास तर गणित पळून जात न्हाई!"

दोघं कयाधूच्या काठानं निघाले. तिचा चुलतभाऊ खेमा नदीच्या अलीकडंच मेंढरं घेऊन उतरला होता. दुसऱ्या दिवशी तो सेनगावच्या अंगानं वर जाणार होता, आता लगेच निघायला तयार झाला. त्यानं भुजंगच्या हातात काठी दिली, पायातल्या शाळेच्या वहाणा काढायला लावल्या. "कुणी बोललं तर तू मुका. समजलं? मेंढरापरीस शाणा दिसू नको."

भुजंग पाण्यात उतरला तेव्हा द्वारकाबाईला एकदम काहीतरी आठवलं. दोन वर्षं या पोराला जेवू घातलं, तापात डोक्यावर पट्ट्या ठेवल्या, आणि त्याचं नाव काही तोंडावर येईना. येत होतं ते फक्त गाव, आणि त्या गावानंच घात केला होता.

"ए पोरा, तुहं नाव काय रे? एकदा सांग."

तो गुडघाभर पाण्यात वळला. रागात होता की हसत होता, तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

"बोर्डिंगचं," तो म्हणाला, आणि मेंढरांमागं चालू लागला.

संध्याकाळी संतराम आला. एकटा नव्हता, बरोबर बंदूकवाले होते.

"जवळा कुठाय?"

"जवळा बाजार?" द्वारकाबाई म्हणाली. "औंढ्याच्या वाटंनं जा. लई मोठा बाजार भरतो."

तिच्या कानशिलात बसली. पिठाचं मडकं फुटलं, ट्रंका उलट्यापालट्या झाल्या. पोरांना ओळीनं उभं करून विचारलं, आणि मार खातानाही प्रत्येक पोरगं तेच एक उत्तर देत गेलं. संतरामनं चंची उचलली. दुसऱ्या दिवशी बोर्डिंगाला कुलूप लागलं.

पुढं निजामाचं राज्य गेलं, बोर्डिंगाचं कुलूप निघालं. सोनाजी छावणीतून परत आला आणि गावी जाण्याआधी बोर्डिंगात आला. भाऊ कुठाय म्हणून विचारलं. द्वारकाबाईनं खेमाला बोलावलं. खेमा म्हणाला, सेनगावच्या पुढं, सरहद्दीच्या नाल्यापाशी पोराला सोडला. पोरगं झाडीत शिरलं. मग मागून बार ऐकू आले, आणि मेंढरं अशी बिथरली की ती गोळा करण्यातच दिवस गेला.

"कुणाकडून आले बार? अलीकडून का पलीकडून?" सोनाजीनं विचारलं.

"ते न्हाई सांगता यायचं."

सोनाजीनं नाल्याची दोन्ही अंगं पालथी घातली. काही सापडलं नाही. पोरगंही नाही आणि त्याची घोंगडीही नाही. द्वारकाबाई त्या न सापडलेल्या घोंगडीला धरून बसली आहे. ती म्हणते, घोंगडी न्हाई म्हंजे अंगावर हाय.

बोर्डिंग पुन्हा उघडलंय. ती आता पोरांना नावानं हाक मारते, रोज चुकते, पोरं हसतात. भुजंग हे नाव तिनं गुरुजींकडून ऐकून पाठ केलं. त्या नावाचं पोरगं अजून एकही आलेलं नाही. आणि संतराम? तो हळदीच्या बाजारात उजळ माथ्यानं हिंडतो. डोक्यावर आता पांढरी टोपी आहे. झेंडावंदनाला पुढच्या रांगेत असतो. गेल्या आठवड्यात तो बोर्डिंगच्या ओट्यावर येऊन बसला. खिशात फुटाणे होते.

म्हणून वाशिमकडं, उमरखेडकडं, जिथं कुठं तुम्ही हे वाचत असाल, तिथल्या लोकांना एक मागणं आहे. एखाद्या कापसाच्या जिनात, शेतात, मेंढरांच्या मागं एखादं मुकं वाटणारं पोरगं असेल, आणि "कुणाचं रे तू?" म्हटल्यावर त्याच्या तोंडून "बोर्डिंगचं" एवढंच निघालं, तर त्याला सांगा की ताक झाकून ठेवलंय. सांगा की आता नाव सांगितलं तरी चालेल. पण हे सांगण्याआधी, पाया पडून सांगतो, ओट्यावर कोण बसलंय ते नीट बघून घ्या.