काकूंची गाडी, काकांची तीनचाकी

बंद पडलेली वस्तू दिसली की काकांचा हात आधी पान्याकडे जायचा. जर्मनीत हॅनोव्हरला पीएच.डी. करताना मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत राहत होते. टोस्टर, शिलाई मशीन, शेजारच्या आजींचं घड्याळ, सगळं त्यांच्या टेबलावर उताणं पडलेलं. "वस्तू मरत नसते गं, सुटी होते," असं म्हणायचे. त्यावर काकू म्हणायच्या, "आणि सुटीच राहते."

निवृत्त झाल्यावर त्यांनी एका जुन्या तीनचाकी मोटारीचा संच आणला. पुढे दोन चाकं, मागे एक. संचात सांगाडा आणि वरचं अंग तेवढं. इंजिन, स्टिअरिंग, चाकं दुसऱ्या एखाद्या गाडीची काढून लावायची. "दाता गाडी बघतोय," असं ते मुलीला स्थळ बघत असल्यासारखं सांगत फिरायचे.

काकू त्यांच्या आईच्या आजारपणासाठी नाशिकला गेल्या आणि दाता घरातच सापडला. काकूंची जुनी लाल गाडी! पन्नाशीत, एकदा नापास होऊन, काकू ड्रायव्हिंग शिकल्या होत्या. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात राबून त्यांनी ती घेतली होती. कागदावर नाव मात्र काकांचं, विमा स्वस्त पडतो म्हणून. मी म्हटलं, "काकूंना विचारलंत?" त्यांनी हसून उडवून लावलं. "आमच्या घरात तुझं-माझं नसतं गं."

काकूंची आई गेली. सगळं आवरून काही महिन्यांनी काकू परतल्या, तर दारात हार घातलेली तीनचाकी. नारळ, निरांजन, कुंकवाचं ताट तयार.

"माझी गाडी कुठंय?"

"ही काय! इंजिन तुझंच. ऐक." काकांनी ताट काकूंच्या हाती दिलं आणि किल्ली फिरवली.

काकूंनी आवाज ओळखला. ताट पायरीवर ठेवून त्या आत गेल्या. काकांचा उतरलेला चेहरा बघून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भांडण झालंच नाही. काकू पहाटेच्या ट्रामने कामाला जायच्या आणि काका पडद्याआडून बघत राहायचे. नवी गाडी घेऊ म्हणाले, तर "नको हो." तीनचाकीला रस्त्यावर चालवायची परवानगी, त्सुलासुंग, मिळाली तेव्हा पेढेसुद्धा आले नाहीत. कुणी गाडीचं कौतुक केलं की काका मान खाली घालायचे. एवढा मोठा इंजिनिअर, पण बायकोकडे चहा मागायलाही ओशाळायचा.

मी नोकरीसाठी कोलोनला निघाले, तेव्हा स्टेशनला सोडायला काकांनी तीनचाकी बाहेर काढली. काकूंनी हात पुढे केला. "अहो, किल्ली द्या." सीट दोनच; काका फाटकाशी उभे राहिले. काकूंनी झकास चालवली. मी उतरताना एवढंच म्हणाल्या, "छान चालते."

संध्याकाळी काकांचा फोन आला. "गाडीबद्दल काही म्हणाली का गं?"

"छान चालते म्हणाल्या."

काका म्हणाले, "वाटेत बंद पडली असती ना, तर शिव्या तरी घातल्या असत्या तिनं."