डब्याची बीअर, गॅसवरची बीअर आणि आमचे हे

माझा नवरा घरी बीअर बनवायचा.

लिहिलं एकदाचं. आता लपवू कुणासाठी? "कुणाला सांगू नको हं" म्हणणाराच गेला. आज वर्ष झालं.

ओळखीचे लोक म्हणतील, विलासराव? बिडकीनच्या कंपनीतले, कपाळाला गंध लावणारे? व्हय, तेच.

सुरुवात किटनं झाली. आमच्या लेकानं, अमेयनं, परदेशातून येताना एक डबा आणला. डबा फोडायचा, आतला पाक गरम पाण्यात ओतायचा, साखर घालायची, यीस्ट टाकायचं आणि टबाला झाकण लावायचं. बास.

हे मागच्या खोलीत एकटेच काय ते करायचे. मी हॉलमध्ये मालिका बघायची. त्यांचा संसार तिकडं, माझा इकडं.

पहिली बाटली उघडली तेव्हा चेहरा असा, जसा काय दहावीला बोर्डात आलाय.

मी म्हटलं, "यात तुम्ही काय केलं? डबा तर फोडला. याच्यापेक्षा मॅगीला जास्त अक्कल लागते."

झालं! माणसाच्या जिव्हारी लागलं. दोन दिवस घुम्यासारखे वागले आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "आता एक्स्ट्रॅक्टवर करणार."

म्हणजे काय, तर जवाचा काकवीसारखा घट्ट पाक वेगळा मागवायचा, हॉप्सची फुलं वेगळी. पाक पाण्यात घालून तासभर उकळायचा, फुलं आपल्या हातानं टाकायची. आधी टाकली की कडूपणा येतो, शेवटी टाकली की वास.

"किटमध्ये हे सगळं कंपनीवाल्यानं करून ठेवलेलं असतं. आता मी ठरवणार," म्हणे. मग हळूच, "फक्त तुझा गॅस लागंल."

माझा गॅस! माझं लग्नकार्याचं भगुनं! मी म्हटलं, घ्या, पण मी तिथं उभी राहणार. ओटा खराब झाला तर बघा.

पहिल्या खेपेला काय झालं सांगू? ऐन मे महिना. तासभर छान उकळलं. माझ्या सुती ओढणीच्या फडक्यात फुलांची पुरचुंडी बांधून सोडली. घरभर कडुलिंब आणि ओल्या गवताचा वास. गॅस बंद केला आणि यांच्या लक्षात आलं की आता हे झटपट गार करायला टबभर गार पाणी लागतं.

आणि नळाला पाणी यायला अजून दोन दिवस!

इतकी वर्षं संभाजीनगरात राहून माणूस पाण्याचा दिवस विसरतो? शेवटी कूलरची टाकी उपसली. ते पाणी टबात ओतलं आणि त्यात भगुनं बसवलं. बीअर गार झाली, आम्ही दोघं घामानं निथळलो. मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते नुसते हसत होते.

त्यानंतर पाण्याचा दिवस तोच बीअरचा दिवस.

उकळी आली की भगुन्याजवळून हलायचं नसतं, फेस उतू जातो. म्हणून ते ढवळत उभे आणि मी ओट्याला टेकून. तासभर. टीव्ही नाही, मोबाइल नाही. मग बोलणारच ना माणूस.

खरं सांगते, अख्ख्या संसारात जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या भगुन्यापाशी बोललो.

एकदा ढवळता ढवळता म्हणाले, "तुझं ऑपरेशन होतं ना, तवा मी पार्किंगमध्ये जाऊन रडलो होतो."

"मला कधी सांगितलं नाही?"

"तू इचारलंस व्हय कधी?"

फेस वर आला म्हणून मी गॅस बारीक केला.

मागच्या वर्षी असाच एक दिवस. उकळलं, गार केलं, यीस्ट टाकलं, टब मागच्या खोलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसची वाट बघत बाकावर बसले, ते उठलेच नाहीत.

घर माणसांनी भरलं. आणि मागच्या खोलीतून आवाज. बुडुक. बुडुक. टबाच्या झाकणावर पाण्याची नळी असते, आतला वायू तिच्यातून बाहेर पडतो. वैजापूरहून आलेल्या सासूबाई माझ्याजवळ बसल्या होत्या.

"ह्ये काय बोलतंय गं?"

खोटं सुचलंच नाही. "आई, बीअर आहे. यांनी केलेली."

दीर तडक उठले. "सुतकाच्या घरात हे? आत्ता ओतून देतो."

"खाली बस," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या लेकाच्या हातचं हाय ते. त्याचं त्ये आपसूक थांबंल तवा थांबंल. कुणी हात लावायचा नाय."

पुढचे कितीतरी दिवस मी त्या टबाशेजारी चटई टाकून बसायची. वाटायचं, घरात यांचं अजून काहीतरी चालू आहे.

मग आवाज लांबत गेला. आणि एका दुपारी आलाच नाही. मी वाट बघितली. टबाला कान लावला. नाही.

त्या दिवशी मी रडले. बाकावरून आणलं तेव्हा रडले नव्हते, एवढी रडले.

ती बीअर यांच्या मित्रांनी येऊन बाटल्यांत भरली. प्यायले, रडले, चांगली झालीय म्हणाले. झाली असेल. मी कुठं पिते?

कपाटात एक्स्ट्रॅक्टचा एक डबा अजून आहे. काल अमेय म्हणाला, "आई, मी सुट्टी काढून येतो. आपण दोघं करू. तू नुसती शेजारी उभी रहा."

पोरगं गुणाचं आहे. पण मी नको म्हटलं.

तासभर तिथं उभी राहून मी दुसऱ्या कुणाशी काय बोलू?

अहो, श्रद्धांजली वगैरे मला जमत नाही. खूप काही सांगायचं साठलंय हो.

लई आठवण येते तुमची.