पायातल्या सळईचा विमा

"चढायच्या आधी उतरायची वाट बघून ठेवावी," असं रंगारीबुवा उठता-बसता म्हणायचे. लेकीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांनाही ते ऐकवलं होतं, आणि व्याही बिचारे जेवता जेवता थांबले होते.

हे शहाणपण पडून आलेलं. तरुणपणी इमारत रंगवताना ते परांचीवरून खाली आले ते थेट वाळूच्या ढिगावर. जीव वाचला, पण नडगीचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी आत पोलादाची सळई घातली. घरात तिचं नाव पडलं 'भाडेकरू'. थंडीत पाय ठणकला की बायको विचारायची, "काय, भाडेकरू भांडतोय वाटतं?" चेष्टेत इतकी वर्षं गेली, की ते दुखणं आहे हेच सगळे विसरून गेले.

यंदा लेकीने आणि जावयाने बर्फाच्या डोंगरावर जायचं ठरवलं, म्हातारा-म्हातारीसकट. विमा काढायला लेक बाबांना घेऊन गेली. काचेच्या दाराचं छोटंसं ऑफिस होतं. आत शिरताच बुवांनी आधी भिंत चाचपली. "ओल आहे. यावर रंग टिकायचा नाही."

"बाबा, आपण विमा काढायला आलोय."

विमावाल्या बाईंनी विचारलं, "काकांना जुनं दुखणं काही?"

"छे, ठणठणीत आहेत," लेक म्हणाली. तिच्या मनात खोटं काहीच नव्हतं. "साधाच विमा द्या. सामान हरवलं, ताप आला, एवढं पुरे."

"यात बर्फावरचे खेळ येत नाहीत हं."

"चालेल. बाबा खिडकीत बसून बघतील."

"का? मी काय तिथे खिडकीला रंग द्यायला चाललोय?"

बाईंना हसू फुटलं. लेक मात्र बघतच राहिली. "बाबा, तुम्ही घसरणार? या वयात?"

बुवा जरा लाजले. ते रंगकाम करायचे त्या एका वकिलांच्या घरी एक मोठी तसबीर होती, ते सांगू लागले. पांढऱ्याशुभ्र उतारावरून एक माणूस स्कीवर भरारत खाली येतोय. दर खेपेला रंग देताना ती उतरवायची, पुसायची आणि पुन्हा टांगायची. "जन्मभर शिडीवरून एकेक पायरी चाचपत उतरलो गं. एकदा तसं यायचंय खाली."

हे लेकीला आजवर ठाऊक नव्हतं. ती बाईंकडे वळली. "बाई, खेळांसकटचा विमा द्या."

"देते. प्रशिक्षकाबरोबर, आखलेल्या उतारावरच हं, काका."

"ते झालं. पण आमच्या भाडेकरूचं काय?" म्हणत बुवांनी नडगीवर टिचकी मारली आणि सळईची सगळी हकिकत सांगितली.

लेकीने कपाळाला हात लावला. मग हळूच म्हणाली, "बाबा, गप्प बसा ना. विमा नाकारला तर बर्फ राहून जाईल तुमचा."

"आणि लपवलं, आणि पडलो तर? सळई काय बर्फात उगवली म्हणून सांगशील? परक्या मुलखात तुझ्या गळ्यात पडायचं नाही मला."

"काकांचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "लपवलेलं उघड झालं की कंपनी हात वर करते." त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडून नुसतंच संगीत वाजत राहिलं. बुवा भिंतीकडे बघत होते, पण आता त्यांना भिंत दिसत नव्हती. लेकीने नकळत त्यांचा हात धरला.

अखेर पलीकडचं बोलणं ऐकून बाईंनी फोन ठेवला. "हाडांच्या डॉक्टरांनी पाय तपासून हरकत नाही म्हटलं, तर देतील. ते नको म्हणाले, तर मात्र नाही."

"रास्त आहे," बुवा उठले. "दवाखाना उघडा असेल आता."

"थांबा, गाडी बोलावते."

"नको. परीक्षा पायाची आहे, त्याला जरा सराव होऊ दे. तू इथलं उरक आणि ये मागून."

दार ढकलून ते निघाले. लेक आणि बाई काचेपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"लंगडतात का हो?" लेकीने विचारलं.

"मला तरी नाही दिसत."

शेजारच्या दुकानापुढे रस्त्यावर उतरायला पायऱ्या होत्या आणि बाजूला हातगाड्यांसाठी केलेली उतरण. बुवा क्षणभर थांबले. कुणी बघत नाही अशी खात्री करून त्यांनी पायऱ्या सोडल्या, गुडघे किंचित वाकवले, हात पसरले आणि भरभर उतरणीवरून खाली आले. मग सदरा नीटनेटका करून, काही घडलंच नाही अशा थाटात दवाखान्याच्या वाटेला लागले. काचेमागे दोघी तोंडावर हात धरून हसत होत्या, आणि ते वळणाआड जाईपर्यंत एकीनेही नजर काढली नाही.