टाकीच्या थांब्याआधी

माझे मामा शाळेची बस चालवतात. पोरं त्यांना आरसेमामा म्हणतात. बस जागची हलवण्याआधी ते डावीकडचा आरसा बघतात, उजवीकडचा बघतात, डोक्यावरचा बघतात आणि मग पुन्हा डावीकडचा. लग्नाला निघालेला नवरदेवसुद्धा इतक्यांदा आरशात बघत नसेल. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून दमतात, मामा दमत नाहीत. घरातही हाच प्रकार. गॅस बंद केला का, कडी लागली का, नळ टपकतोय का, हे बघून झाल्याशिवाय ते आडवे होत नाहीत आणि मामीलाही होऊ देत नाहीत.

अशा माणसाच्या बसमधून एक पोरगी पडली.

पाण्याच्या टाकीजवळच्या थांब्यावर उतरताना पडली आणि हात मोडून घेतला. बसमधल्या मदतनीस बाई नेमक्या त्या दिवशी रजेवर होत्या. पोरीच्या आईचं म्हणणं, ती पायरीवर असतानाच बस सुटली. मामांचं म्हणणं, बस उभी होती. निदान पहिल्या दिवशी तरी तसं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते "उभीच असणार" म्हणायला लागले, आणि मामी मला फोनवर हळूच म्हणाली, "रात्रभर कूस बदलतात रे. स्वतःलाच विचारत बसतात, मी आरसा बघितला ना."

बसमध्ये कॅमेरे होते. शाळेच्या ऑफिसने त्या दिवसाचं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घालून मामांना दिलं. घरी नीट बघा आणि शनिवारी दुपारी सगळ्यांसमोर काय ते सांगा, असा निरोप होता. गाड्यांचे सुपरवायझर त्यांना बाजूला घेऊन वर हेही म्हणाले की बस उभी होती एवढं एक वाक्य ठामपणे बोला, पुढचं आम्ही बघून घेऊ. मामांना ते वाक्य बोलायचं होतंच. फक्त ते खरं आहे की नाही हे आधी डोळ्यांनी बघायचं होतं.

आणि घरातला कॉम्प्युटर व्हिडिओ लावला की बंद पडत होता.

आमच्या नात्यागोत्यात ज्याने एकदा प्रिंटरमधला अडकलेला कागद ओढून काढला तो इंजिनिअर समजला जातो. तो मी. शनिवारी सकाळी पोचलो तेव्हा मामा दाढी न करता खुर्चीत बसले होते. मामी शिलाई मशीनवर कुणाचा तरी ब्लाउज शिवत होती.

"या इंजिनिअर," मामा म्हणाले. एरवी हे म्हणताना ते हसतात.

मी व्हिडिओ लावला. पडद्यावर चार चौकोन आले: रस्ता, ड्रायव्हर, दार, मागची बाकं. ती फाईल कॅमेरेवाल्यांच्याच प्लेअरमध्ये उघडायची आणि मधूनच पुढे सरकवता येत नव्हती. पहिल्यापासून बघत जायचं. शाळेचं फाटक, चौक, पहिला थांबा, दुसरा थांबा. मामा पुढे झुकले. बस टाकीच्या वळणाला लागली आणि पडदा काळा झाला. आत काहीतरी टक् वाजलं आणि कॉम्प्युटर आपला आपण पुन्हा सुरू व्हायला लागला.

"काल असाच," मामा म्हणाले. "बरोबर इथेच."

मी मान हलवली आणि डॉक्टर लोक करतात तसा विचारमग्न चेहरा केला. पुन्हा लावला. या खेपेला दुसऱ्या थांब्यावरच बंद पडला. मी व्हायरस शोधला, सापडला नाही. प्लेअर काढून पुन्हा टाकला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलतो म्हणालो, तर मामांनी दचकून माझ्याकडे बघितलं. मग मला कळलं की ड्रायव्हर बदलणे हे शब्द त्या घरात त्या दिवशी काढायला नको होते.

कॉम्प्युटरमधला तो ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम बदलूनही फरक पडला नाही. आता तर बस शाळेच्या फाटकातून बाहेरही निघाली नाही.

माझ्याकडे लॅपटॉप नव्हता, म्हणून हा व्हिडिओ बाहेर कुठे दुकानात बघू, असं मी सुचवलं. मामा नाही म्हणाले. गावातल्या अर्ध्या घरांतली पोरं त्यांच्या बसने जातात. दुकानदाराचा मुलगाही.

मी कॉम्प्युटरचा डबा उघडला, म्हणजे टेबलाखालचा तो काळा खोका. आत धुळीची जळमटं असतील असं वाटलं होतं. कसली जळमटं. मामीच्या भांड्यांइतका स्वच्छ. मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली, कारण असं करताना मी कुणाला तरी बघितलं होतं. पंखा बोटाने फिरवला, फिरला. मी डबा उघडाच ठेवून सुरू करणार, तेवढ्यात मामांनी माझा हात धरला. "झाकण लाव आधी. उघडं इंजिन चालवायचं नसतं." झाकण लावलं. डबा थंड झालेला असल्यामुळे असेल, बस पुन्हा टाकीच्या वळणापर्यंत गेली. आणि तिथेच काळोख.

मामा उठून उभे राहिले. पुन्हा बसले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डबा गार असला की व्हिडिओ लांब पोचतो, लागोपाठ लावला की लवकर मरतो. मी डब्याच्या मागे तळहात धरला. पंख्याचा आवाज येत होता, वारा जेमतेम लागत होता.

"तापतोय," मी म्हणालो. "याला हवाच मिळत नाहीये कुठून तरी."

शिलाई मशीन थांबलं. मामीने माझ्याकडे बघितलं नाही. धागा तुटला नव्हता, तरी ती सुईत धागा ओवायला लागली.

मामा दाढी करायला गेले. ऑफिसात कसंही जायचं नाही, निकाल काही लागो. मोरीतून नळाचा आवाज यायला लागला, तशी मामी उठून माझ्याजवळ आली.

"तो व्हिडिओ नाहीच दिसला, तर काय बिघडेल?" तिने हळू आवाजात विचारलं.

मला आधी कळलंच नाही.

"उभी होती म्हणतील, संपलं," ती म्हणाली. "बघितलं आणि त्यात भलतंच निघालं तर? हा माणूस पुन्हा झोपायचा नाही. मला माहितेय ना."

"अगं मामी, पण ऑफिसात दाखवणारच आहेत. तिथे मोठा पडदा आहे. हेडबाई, सुपरवायझर, त्या पोरीचे आईबाप, सगळे असतील. बस उभी होती असं मामा बोलून मोकळे होतील, आणि त्यानंतर पहिल्यांदा बघतील."

मोरीतला नळ बंद झाला. मामी टेबलाखाली वाकली आणि डब्याचं पुढचं प्लास्टिकचं तोंड, जे निघतं हे मला इंजिनिअर असूनही माहीत नव्हतं, दोन्ही बाजूंनी दाबून खटकन काढलं. आत जाळीवर काळं कापड बसवलेलं होतं. दुहेरी, कडा दुमडून टीप मारलेली, चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक. त्या घरात रिमोटला, मिक्सरला, पाण्याच्या मोटारीला, सगळ्यांना मामीने शिवलेले अंगरखे आहेत. उन्हाळ्यात डब्यात झुरळ निघालं होतं, त्यावर हा तिचा उपाय होता. काम इतकं सफाईदार की कापड जाळीचाच भाग वाटत होतं.

"तू तापतोय म्हणालास ना, तेव्हाच समजलं मला," ती म्हणाली आणि कापड मुठीत चुरगळून कमरेला खोचलं.

मामा तोंड पुसत आले. त्यांनी खाली पडलेलं प्लास्टिकचं तोंड बघितलं, मामीकडे बघितलं. मी व्हिडिओ लावला.

फाटक. चौक. पहिला थांबा. मी एक हात डब्यामागे धरून बसलो होतो. आता वारा लागत होता. दुसरा थांबा. वळण आलं. वळण गेलं. टाकी दिसली. बस थांबली. दाराच्या चौकोनात दोन पोरं उतरली, मागून ती बुटकी पोरगी, पाठीवर तिच्याहून मोठं दप्तर. ड्रायव्हरच्या चौकोनात मामा डावा आरसा बघत होते. उजवा. वरचा. पुन्हा डावा. सगळं अगदी रीतसर. पोरगी शेवटच्या पायरीवर होती, दाराला अगदी चिकटून, दप्तराचा पट्टा दांडीला अडकलेला. ती तो सोडवायला वळली. आणि रस्त्याच्या चौकोनात विजेचा खांब मागे सरकला. फार नाही, दीड-दोन हात. पण सरकला.

मामांनी तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला. त्यासाठी सगळं पहिल्यापासून लावावं लागलं. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. मी आयुष्यात पहिल्यांदाच दुरुस्त केलेल्या यंत्राकडे रागाने बघत होतो.

"आरसा तर बघितला होता," मामी म्हणाली.

"बघितला होता." मामांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "दिसली नाही. तिथे उभं राहिलं की दिसत नाही. पण दारही लावायचं असतं ना सुटायच्या आधी. ते कुठे लावलं मी?"

मामांना माझ्या स्कूटरवर मागे बसवून शाळेत नेलं. रस्ताभर त्यांनी एकदाही हळू चालव म्हटलं नाही. माझं चालवणं त्यांना अजिबात पसंत नसतं, तरीही. ऑफिसात पडदा लावून तयारच होता. सुपरवायझरांनी मामांना खूण केली: बोला. मामा म्हणाले, "लावू नका. मी बघून आलोय. बस उभी नव्हती, मीच हलवली. दार उघडं होतं."

सुपरवायझर असे बघत होते, जणू मामांनी त्यांच्याच घराला काडी लावली. पोरीचे वडील काहीतरी बोलायची तयारी करून आले होते. ते हातातला कागद घडी घालून खिशात ठेवायला लागले. हेडबाईंनी आम्हांला बाहेर बसायला सांगितलं.

बाहेर एकच बाक होतं. थोड्या वेळाने पोरीची आईही बाहेर आली. दुसरी जागा नव्हती, म्हणून त्याच बाकावर, दुसऱ्या टोकाला बसली. मी मधे. इतका अवघडलेला मी कधीच नव्हतो.

मामांनी समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं, "कुठला हात?"

"डावा," बाई म्हणाल्या. "लिहिते उजव्याने."

मामांनी मान हलवली. आतून शिपाई आला आणि म्हणाला, ड्रायव्हरसाहेब, किल्ली द्यायला सांगितलीय. मामांनी ती खिशातून काढून हातात तयारच ठेवली होती.