मेथीच्या पुठ्ठ्यामागचा आकडा

आधीच माफी मागते. माझं अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं आहे आणि वेलांट्या मनाला येतील तिकडे वळतात. चौथीनंतर हातात पेन कमी आणि खुरपं जास्त आलं. तरी काकाजींबद्दल लिहायचंच आहे.

काकाजी कानामागचा मार्कर काढायचे, दातांनी टोपण उघडायचे आणि टोपण तोंडात तसंच ठेवून विचारायचे, "बोला, आज कोनाचं इनाम वाढवू?"

अकोल्याच्या भाजीबाजारात ते माझ्या शेजारी आलं-लसूण घेऊन बसत. मी बाळापूरकडून मेथी आणायची. त्यांचं अक्षर छापल्यासारखं, म्हणून साऱ्या बायांचे भावाचे पुठ्ठे तेच लिहून देत. पुठ्ठ्याच्या पुढून भाजीचा भाव. मागून बाईचा.

हे वेड त्यांना समुद्री डाकूंच्या एका गोष्टीतून लागलं होतं. ती ते फुटक्या काचेच्या मोबाइलवर पाहत आणि आम्हाला सांगत. त्या गोष्टीतला राजा गावोगावी कागद लावायचा, अमक्या डाकूला धरून आणा, इतकं इनाम घ्या.

शेजारची फुलवाली अचलपूरची. तिची जीभ कोयत्यासारखी. ती म्हणायची, "काकाजी, अकोल्यात कुठचा समुद्र? मोर्णा नदीत म्हैस बसली तं पाठ कोरडी राह्यते."

"समुद्र नसन. पन या मेथीवालीच्या गावच्या विहिरीचं पानी पिऊन पाह्य. खारट हाय का नाई? मंग अर्धा समुद्र झालाच."

मला वाटायचं, जो जास्त लुटतो त्याचं इनाम जास्त. काकाजी मान हलवायचे. "नाई वं बाई. आकडा लुटीचा नसते, राजाच्या झोपेचा असते. ज्याच्यानं राजाची झोप जास्त मोडली, त्याचा आकडा मोठा."

त्या गोष्टीत एक म्हातारी होती, जहाजांना पिण्याचं पाणी विकणारी. तिनं कोणाला लुटलं नाही, कोणाला मारलं नाही. एक दिवस राजाच्या जहाजाला पाणी द्यायला नाही म्हणाली, बस. दुसऱ्या दिवशी तिचा आकडा तलवारवाल्या डाकू सरदाराच्या वर. आणि तो सरदार राजाच्या चाकरीत गेला, तर त्याचा कागदच भिंतीवरून उतरला.

आमच्या बाजारात फुलवालीवर बारा हजार होते. माझ्यावर सव्वा रुपया.

"देवापुढं ठेवतात तेवढाच?" मी हळूच विचारलं.

"तुले कोन भेते? मेथीची जुडी तुह्यापेक्षा जास्त बोलते."

एकदा वाऱ्यानं सारे पुठ्ठे उलटले. एका माणसानं दोन रुपये माझ्यापुढे ठेवले, मेथी उचलली आणि वर म्हणाला, "बारा आने वापस." मी त्याचे दोन रुपयेच परत केले आणि मेथीही दिली. तोंड उघडण्यापेक्षा ते सोपं होतं. तिकडे एक बाई छातीवर हात ठेवून फुलवालीला विचारत होती, "गोंड्याचा हार बारा हजाराचा?"

"हार वीसचा, माय. बारा हजाराची मी!"

आता आमचा राजा. बाजाराच्या ठेकेदाराचा पावतीवाला रोज सकाळी जागेचे पैसे घ्यायला यायचा. "ए मेथी, काढ वीस!" वीस घ्यायचा आणि दहाची पावती फाडायचा. कोणी बोललं की त्याची टोपली नाल्याजवळ. तिथे वासानं गिऱ्हाईक फिरकत नाही, भाजी सांजेला ढोरांना घालावी लागते. म्हणून सारे गप्प. मी तर तशीही गप्पच.

एके दिवशी काकाजींना लिहायला कोरा कागद हवा होता. मी म्हटलं, "पावत्या मागून कोऱ्या असतात, उद्या आनते." माझी एक खोड आहे, अक्षर असलेला कागद मला फेकवत नाही. सालभराच्या पावत्या तारेत ओवून कोनाड्यात टांगल्या होत्या. तीच तार नेऊन दिली.

काकाजींनी ती पालटली आणि तोंडातलं टोपण लसणात पडलं.

"बाई, ह्या साऱ्या दहाच्या हायत."

"हो."

"आन तू रोज वीस देते."

"हो."

"मंग ठेवल्या काहून?"

"अक्षर हाय नं त्याच्यावर."

ते खोकला लागेपर्यंत हसले. मी म्हटलं, तुम्हीच बोला त्याच्याशी. "मी बोललो तं माहं इनाम वाढन. तू राह्यशीन सव्वा रुपयाचीच."

दुसऱ्या दिवशी "ए मेथी, काढ वीस" आलं. मी दहाची नोट आणि ती तार पुढे ठेवली.

"दहा लिहिलं हाय," मी म्हटलं.

"नाल्याजवळ बसाचं हाय का तुले?"

फुलवाली उभी राहिली. "बसन नं! आमी साऱ्याच बसतो. पाहू मंग तुहा बाजार कुठी भरते." आणि खरंच टोपल्या उचलल्या गेल्या. त्यानं तारेकडे हात नेला, तर काकाजींनी तिच्यावर लसणाचं पोतं सरकवलं आणि वर स्वतः बसले.

तिसऱ्या दिवशी ठेकेदार आला. मला 'काकू' म्हणाला. वर तक्रार करू नका, तारेवर जितक्या पावत्या तितके दहा प्रत्येकाला परत देतो, पण हप्त्यानं. आम्ही कबूल झालो.

काकाजींनी त्याच दिवशी नवे आकडे लावले. ठेकेदार आठ आणे. पावतीवाला फुकट, वर कोथिंबीर. माझ्या पुठ्ठ्यामागे काहीतरी लिहून त्यावर कागद चिकटवला. "पुरे पैसे भेटले का फाडजो. तवरोक सव्वा रुपयाच."

होळीनंतर ते आले नाहीत. तो खोकला साधा नव्हता. फुलवालीनं त्यांच्यासाठी गोंड्याचा हार केला, दोघींनी धरावा लागला एवढा. घरच्यांनी पैसे विचारले, तर डोळे पुसत म्हणाली, "बारा हजार. काकाजीच्या नावावर लिवा."

काल पावतीवाला शेवटचा हप्ता घेऊन आला. काकाजींच्या वाट्याचे त्यांच्या घरी पोचते केले म्हणाला. माझे माझ्या हातात दिले आणि निघाला.

"थांबा," मी म्हटलं. मोजले. परत मोजले. शेजारची रिकामी जागा पाहिली आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "दहा कमी हायत."

त्यानं खिशातून दहाची नोट काढून दिली. पुरे झाले.

मग मी पुठ्ठ्यावरचा कागद फाडला. छापल्यासारखं अक्षर होतं.

सव्वा लाख. मेथीचे पैसे वेगळे.