तुतीच्या फळ्या

मिस्त्रींना दिसत नाही, हे काकूंच्या आधी चहाच्या कपाच्या लक्षात आलं असावं. कप टेबलावर ठेवायचा म्हणून ते ठेवायचे आणि तो सरळ जमिनीवर. "टेबल सरकवलंस का गं?" असं वर काकूंनाच विचारायचे. एकदा दाराच्या चौकटीला डावा खांदा असा आपटला की, ती चौकट त्यांनी स्वतः बसवली होती यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघांचा लाकूडकामाचा कारखाना होता. कापणं, रंधा मारणं मिस्त्रींचं. घासणं, पॉलिश आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं काकूंचं. लग्न झाल्यापासून हीच वाटणी. मोठ्या करवतीच्या यंत्राला काकूंनी कधी हात लावला नव्हता. त्याचा आवाज सुरू झाला की त्या दोन पावलं मागे सरायच्या, आणि मिस्त्री हसायचे.

त्या वर्षी वादळात परसातली जुनी तुती मुळासकट कोसळली. झाडतोड्याने तिचे ओंडके करून दिले. मिस्त्रींनी लगेच ओंडक्यांच्या तोंडांना जाड रंग फासला, म्हणजे पाणी एकदम उडून लाकूड तडकू नये. आणि म्हणाले, "हे मी स्वतः चिरणार. बाहेर द्यायचं नाही."

"कशाला? डोळे तपासून या आधी," काकू म्हणाल्या.

"डोळ्यांना काय धाड भरली आहे? चष्मा जुना झालाय इतकंच."

 त्या रात्री काकूंना झोप लागली नाही, आणि नंतरच्याही.

चिरायच्या दिवशी सकाळी गारठा होता, म्हणून मिस्त्रींनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या नव्हत्या. त्यांनी कानात कापूस घातला आणि यंत्र सुरू केलं. ते ओंडका पुढे ढकलत होते; काकू पलीकडच्या टोकाला उभ्या राहून सुटलेली फळी धरत होत्या. आतून पिवळंधमक लाकूड निघालं. पहिली फळी नीट आली, दुसरीही. काकूंच्या जिवात जरा जीव आला.

तिसरीच्या वेळी सालीचा एक तुकडा पात्याजवळ अडकला. तो काढायला मिस्त्रींनी डावा हात पुढे केला. नजर समोर, ओंडक्यावर. हात मात्र अगदी सहज, टेबलावरचे चुरे झटकावेत तसा, पात्याकडे चालला होता.

"अहो!" काकू किंचाळल्या. यंत्राच्या आवाजात तो मिस्त्रींच्या कापूस घातलेल्या कानांपर्यंत पोचलाच नाही. यंत्राचं बटण मिस्त्रींच्या बाजूला. फळी ओढावी, तर ओंडक्यासोबत तेही पुढे येऊन हात पात्यावरच जायचा. काकूंनी फळी सोडली, वळल्या आणि भिंतीवरचा मुख्य खटका दोन्ही हातांनी खाली ओढला.

पातं एकदम थांबत नाही. ते कण्हत, हळू होत फिरत राहिलं. भिंतीकडे तोंड करून काकू उभ्याच राहिल्या. मागे वळून बघायची त्यांची छाती होईना.

मग मिस्त्रींचा आवाज आला, नेहमीसारखा, थोडा वैतागलेला. "लाइट गेली वाटतं."

काकू वळल्या. पाचही बोटं जागेवर होती. बाहीचा कफ मात्र फाटून पात्याच्या दातांत लोंबत होता, आणि मिस्त्रींना त्याचा पत्ताच नव्हता.

काकूंनी तो कफ सोडवला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. मिस्त्रींनी तो उजव्या डोळ्यासमोर धरला, मग आपलं मनगट चाचपलं. खाली भुशात बसले.

"डावीकडचं जातंय," ते म्हणाले. "नळीतून बघावं तसं दिसतं. मध्ये स्वच्छ, बाजूला काहीच नाही. काळोखसुद्धा नाही गं, काहीच नाही."

"कधीपासून?"

"सांगितलं असतं तर तू यंत्र बंद करायला लावलं असतंस."

"लावलंच असतं!" काकू ओरडल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली रोजच्या थेंबांनी टिकेल. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, ते लाकूड विकून टाका ना."  जेवणात मिस्त्रींचं लक्ष लागेना. परसात अर्धं झाड तसंच पडलं होतं. पावसाआधी चिरलं नाही तर कीड लागून त्याचा भुगा होणार होता.

एका सकाळी काकूंनी केस घट्ट बांधले, पदर खोचला आणि म्हणाल्या, "मी चिरते. तुम्ही भिंतीपाशी, खटक्याजवळ उभं राहून सांगा."

मिस्त्रींचा चेहरा पांढरा पडला. "तू नको."

"का? बोटं काय फक्त तुम्हालाच आहेत?"

आता घाबरायची पाळी त्यांची होती. ते भिंतीला टेकून, मुठी वळून उभे राहिले. नजरेऐवजी कानांनी बघायला आणि ओरडून सांगायला लागले. "जोर करू नकोस, पातं रडतंय." "आता सोड." काकूंच्या डोळ्यांत घाम उतरत होता. पहिली फळी वाकडीतिकडी निघाली. मिस्त्रींनी तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "नदी चांगली काढलीस." त्या दिवशी दोघं बऱ्याच दिवसांनी हसले.

फळ्या सावलीत रचल्या, मध्ये पट्ट्या घातल्या, वरून दगड ठेवले. वाळताना एखादी फळी भरदुपारी फाडकन तडकायची आणि काकू हातातलं काम टाकून आधी मिस्त्रींना हाक मारायच्या. ते "आहे, आहे" म्हणायचे. वजन उतरायचं थांबलं तेव्हा फळ्या वाळल्या असं धरलं. पिवळेपणा जाऊन मधासारखा रंग आला होता. त्यांचं काकूंनी कामाचं टेबल केलं, स्वतःच्या उंचीचं. जुनं मिस्त्रींच्या मापाचं होतं, त्यावर काकूंची पाठ भरून यायची.

लेक आली तेव्हा आईला यंत्रापाशी बघून थबकली. "आई, भीती गेली तुझी?"

"छे," काकू म्हणाल्या. "रोज तितकीच वाटते. तू मागे हो. अहो, तुम्ही कुठे आहात? बोला काहीतरी."

"भिंतीपाशी," मिस्त्री म्हणाले.

तेव्हा कुठे काकूंनी बटण दाबलं.